बॉस्टनला येताय? ओल्ड साउथ चर्चबद्दल थोडं सविस्तर

ताई, सलाम.

तुमचं विचारणं असं, की नोकरीमुळे कुटुंब बॉस्टनला हलवायचंय, सगळे नगरच्या ख्रिस्ती मंडळीत (चर्चच्या समुदायात) वाढलेले, आणि कोणीतरी ओल्ड साउथ चर्चचं नाव सुचवताना ‘तिथे कोणालाही घेतात’ असंही बजावलंय. तेव्हा तिथली श्रद्धा पातळ आहे का, आणि आपल्यासारख्यांना खरंच सामावून घेतील का?

कोणालाही घेतात, हे खरं आहे. पण हे आजकालचं फॅड नव्हे. ती मंडळी जन्मलीच मुळी या भांडणातून. ज्या आईबापांनी स्वतः पूर्ण सभासदत्व घेतलेलं नाही, त्यांच्या लेकरांना बाप्तिस्मा द्यायचा की नाही, यावर बॉस्टनच्या पहिल्या मंडळीत जुंपली. मंडळीने ‘नाही’ म्हणणारा पाळक, म्हणजे धर्मगुरू, आणला. ‘द्या’ म्हणणारे बाहेर पडले आणि १६६९ मध्ये त्यांनी शहरातली तिसरी मंडळी स्थापन केली. तीच आजची ओल्ड साउथ. बेंजामिन फ्रँकलिनचा बाप्तिस्मा १७०६ मध्ये याच मंडळीत झाला, तोही जन्माच्याच दिवशी. बॉस्टनची जानेवारीतली थंडी पाहिलीत की मला त्या बाळाची काळजी का वाटते ते कळेल!

अर्थात, दार उघडं होतं म्हणून आत सगळे सारखे होते असं नाही. १७७१ मध्ये फिलिस व्हीटली ही कवयित्री सभासद झाली तेव्हा ती गुलाम होती. त्याच मंडळीतल्या सॅम्युएल स्यूअल या न्यायाधीशाने मात्र १७०० मध्येच गुलामगिरीविरुद्ध पुस्तिका छापली होती. सेलम गावात लोकांवर चेटूक केल्याचा आरोप ठेवून जे खटले चालले, त्यांत निकाल देणाऱ्यांपैकी तो एक. १६९७ मध्ये तो भर उपासनेत उभा राहिला आणि पाळकांनी त्या निकालांबद्दलचा त्याचा कबुलीजबाब सगळ्यांसमोर वाचला. श्रद्धा पातळ आहे का, याला माझं उत्तर हेच. ही मंडळी स्वतःच्या चुका मोठ्याने वाचून दाखवणाऱ्यांची आहे, निदान तिच्या चांगल्या दिवसांत तरी.

आता आपल्या जिव्हाळ्याचं. १८१० मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या ओल्ड साउथच्याच काँग्रिगेशनल पंथाच्या (ज्यात प्रत्येक मंडळी आपला कारभार स्वतः पाहते) लोकांनी अमेरिकन बोर्ड हे मिशन काढलं, कचेरी बॉस्टनला. त्यांचे मिशनरी गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट कलकत्त्याला उतरले, कंपनी सरकारने त्यांना हुसकावलं, तरी फेब्रुवारी १८१३ मध्ये त्यांनी मुंबई गाठली. त्यातूनच मराठी मिशन उभं राहिलं, १८३१ मध्ये नगरला पोहोचलं आणि १८४२ मध्ये ‘ज्ञानोदय’ हे मराठी नियतकालिक निघालं. पुढे १९५७ मध्ये हा पंथ युनायटेड चर्च ऑफ ख्राइस्टमध्ये विलीन झाला आणि ओल्ड साउथ आज त्यातच आहे. म्हणजे तुम्ही परक्या दारात जात नाही, चुलत घराण्यात जाताय. तिथल्या फार थोड्यांना हे ठाऊक असतं, तेव्हा उपासनेनंतरच्या कॉफीला बिनधास्त सांगा. गप्पा आपोआप लांबतात.

वेगळेपणही आधीच सांगते. इथे बिशप नाहीत. पाळक वरून बदलून येत नाहीत. मंडळी शोधसमिती नेमते, मग सभासद मत देतात. मोठे निर्णयही तसेच. १६४० मध्ये छापलेल्या स्तोत्रांच्या पुस्तकाच्या, बे साम बुकच्या, दोन प्रती या मंडळीकडे होत्या. इमारतीच्या दुरुस्तीसाठी आणि सेवाकार्यासाठी त्यातली एक विकावी का, यावर रीतसर मतदान झालं. २०१३ च्या लिलावात तिला १ कोटी ४१ लाख डॉलरांहून जास्त आले. विरोधही झालाच. सभासद होणं म्हणजे अशा सभांना बसणं आणि दरवर्षी वर्गणीचा आकडा लिहून देणं.

समलिंगी जोडपी इथे उघडपणे सभासद आहेत, त्यांचे विवाहही होतात. २००५ पासून अनेक वर्षं मुख्य पाळक एक बाई होत्या. घरात कोणाला हे जड जाणार असेल तर आधीच बोलून घ्या. तिथे जाऊन नाकं मुरडणं बरं दिसत नाही. प्रभुभोजनाला (भाकर आणि द्राक्षारसाच्या विधीला) कोणी कागद विचारत नाही. उपासना इंग्रजीत. मराठी भजनांची भूक इथे भागणार नाही, ती घरीच भागवावी लागेल.

पत्ता नीट बघा. ‘ओल्ड साउथ मीटिंग हाऊस’ ही जुनी इमारत आता संग्रहालय आहे. १७७३ मध्ये इंग्रजांच्या कराच्या निषेधात चहाच्या पेट्या समुद्रात फेकायला लोक तिथूनच निघाले होते. ‘ओल्ड नॉर्थ’ तर वेगळंच चर्च. तुम्हाला हवं ते कोप्ली स्क्वेअरला, ग्रीन लाइन या मेट्रोच्या स्टेशनाला अगदी लागून, १८७५ चं. ती सगळी जमीन भराव घालून केलेली, त्यामुळे मनोरा इतका कलला की १९३० च्या दशकात उतरवून पुन्हा बांधावा लागला. गाडी नेऊ नका, पार्किंगमध्ये जीव जातो.

एप्रिलमधल्या तिसऱ्या सोमवारी बॉस्टन मॅरेथॉन चर्चच्या दाराशीच संपते. २०१३ मध्ये बॉम्बस्फोट झाले ते त्याच रस्त्यावर. पुढच्या वर्षी मंडळीतल्या विणणाऱ्यांनी धावपटूंसाठी निळे-पिवळे मफलर विणायला घेतले आणि बघता बघता देशभरातून हजारो मफलर आले. आदल्या रविवारी धावपटूंना आशीर्वाद देतात, ती उपासना चुकवू नका.

मुलांच्या वर्गात शिकवायची इच्छा असेल तर आधी तुमची पोलीस-नोंद तपासली जाईल, त्याला इथे ‘कोरी’ म्हणतात. राग मानू नका, सगळ्यांचीच होते. शक्यतो सप्टेंबरच्या सुरुवातीला या. उन्हाळ्यात निम्मं शहर सुट्टीवर असतं, सप्टेंबरात रविवारची शाळा, गायनवृंद, सगळं नव्याने सुरू होतं. मुलांचे बाप्तिस्म्याचे दाखले आणि सभासदत्वाचं पत्र मात्र निघण्याआधी नगरहून घ्याच. तुमच्या पाळकसाहेबांची मध्येच बदली झाली तर नव्या साहेबांकडून ते मिळवेपर्यंत नाताळ येईल.