वाचकांचे प्रश्न : काळा पाषाण आला कुठून आणि त्याखालची धग गेली कुठे

या वेळचे बहुतेक प्रश्न मराठवाड्यातून आले आहेत आणि जवळपास सगळे एकाच खडकाभोवती फिरतात: आपला काळा पाषाण, म्हणजेच बेसाल्ट. एकसारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं दिली आहेत.

प्रश्न : शाळेत आम्ही शिकलो की जमिनीला भेगा पडल्या आणि त्यांतून लाव्हा वाहिला. आता 'हॉटस्पॉट' आणि 'मँटल प्लूम' असं वाचायला मिळतं. मग खरं काय? आणि प्रावरण (मँटल, म्हणजे पृथ्वीचं वरचं कवच आणि गाभा यांमधला जाड थर) घन आहे म्हणता, तर घन खडक वर चढतो कसा? (एक शिक्षक, अंबाजोगाई)

दोन्ही खरं आहे. भेग ही लाव्हाची वाट होती. पण एवढा शिलारस, म्हणजे जमिनीखालचा वितळलेला खडक, मुळात तयार कशामुळे झाला, हे भेग सांगत नाही. ते सांगण्यासाठी प्लूमची कल्पना पुढे आली. 1963 मध्ये भूशास्त्रज्ञ जे. टुझो विल्सन यांनी हवाई बेटांच्या रांगेवरून सुचवलं की खाली एक उष्ण जागा टिकून आहे आणि वरचा भूपट्ट तिच्यावरून सरकतो आहे. 1971 मध्ये जेसन मॉर्गन यांनी ही उष्णता प्रावरणाच्या तळातून, स्तंभासारख्या वर येणाऱ्या खडकातून येते असं मांडलं. हा स्तंभ म्हणजे प्लूम, आणि त्याची वर दिसणारी खूण म्हणजे हॉटस्पॉट.

प्रावरण घनच आहे. पण डांबराचा गोळा हातोडीने मारला तर फुटतो आणि महिनाभर ठेवला तर पसरतो, तसा तापलेला घन खडकही लाखो वर्षांत सरकतो. गाभा आणि प्रावरण यांची सीमा सुमारे 2,900 किमी खोल आहे. तिथे तापलेला खडक आजूबाजूच्या खडकापेक्षा शंभर ते तीनशे अंशांनी गरम, म्हणून थोडा हलका असतो आणि वर चढू लागतो. या सगळ्या प्रवासात तो वितळलेला नसतो. खोलवर प्रचंड दाबामुळे खडकाचा वितळणबिंदू चढलेला असतो. खडक पृष्ठभागापासून साधारण शंभर किमीच्या आसपास आला की दाब उतरतो, आणि वेगळी उष्णता न मिळताही त्याचा थोडा भाग वितळतो. मुलांच्या मनातलं 'पृथ्वीच्या पोटात लाव्हाचा समुद्र' हे चित्र इथेच पुसायला हवं. वितळणं ही वरच्या टप्प्यातली गोष्ट आहे.

नव्या प्लूमचं डोकं मोठं, हजार किमी किंवा त्याहूनही रुंद, आणि मागची शेपटी त्या मानाने अरुंद असते. डोकं भूपट्टाखाली पोचलं की थोड्या काळात अफाट लाव्हा बाहेर पडतो. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी दख्खनमध्ये हेच झालं. आज शिल्लक असलेला बेसाल्टच जवळपास 5 लाख चौरस किमीवर पसरलेला आहे, आणि त्यातला बहुतांश भाग दहा लाख वर्षांच्या आत बाहेर पडला. डोकं संपल्यावर शेपटी उरते आणि वरून सरकणाऱ्या भूपट्टावर बेटांची रांग उमटवत राहते.

प्लूमची कल्पना न मानणारे भूशास्त्रज्ञही आहेत. ते भूपट्टाच्या ताणाला जास्त श्रेय देतात. शिवाय प्लूम सरळ नळीसारखा नसतो, हे आता स्पष्ट होत आहे. 2012-13 मध्ये हिंदी महासागरात रियुनियन बेटाभोवतीच्या समुद्रतळावर फ्रेंच आणि जर्मन शास्त्रज्ञांनी 57 भूकंपमापक ठेवले होते. त्यांच्या नोंदींवरून खाली तिरप्या, फांद्या फुटलेल्या उष्ण पट्ट्यांचं चित्र मिळालं. आमच्या मते दख्खनच्या बाबतीत प्लूमचा पुरावा भक्कम आहे. त्याचं मुख्य कारण पुढच्या उत्तरात येतं.

प्रश्न : म्हणजे ती धग अजून आपल्या खालीच आहे का? 1993 चा किल्लारीचा भूकंप आणि हिंगोलीकडचे जमिनीतले आवाज त्याचेच का? पुन्हा लाव्हा येईल का? (लातूर, वसमत आणि परभणीचे वाचक)

नाही. धग खाली राहिली नाही, कारण आपणच तिच्यावरून पुढे सरकलो.

नकाशा उघडा आणि गोव्यापासून दक्षिणेकडे बोट फिरवा. लक्षद्वीप, मग मालदीव, मग शागोस. प्रवाळाच्या थराखाली ही सगळी रांग ज्वालामुखीच्या खडकाची आहे. 1987 मध्ये समुद्रात छिद्रं घेऊन या खडकांची वयं काढली गेली. मालदीवच्या पट्ट्यात सुमारे 5.7 कोटी वर्षं, शागोसजवळ सुमारे 4.9 कोटी. पुढे मॉरिशसचा सगळ्यात जुना खडक सुमारे 90 लाख वर्षांचा, आणि रियुनियनवरचा सुमारे 20 लाखांचा. तिथला पितों द ला फुर्नेझ ज्वालामुखी आजही वरचेवर उसळतो. दक्षिणेकडे जाऊ तसं वय घटत जातं. प्लूमच्या बाजूने बोलणारा हाच सगळ्यात बोलका पुरावा. शागोसनंतर रांग तुटून पश्चिमेकडे सरकलेली दिसेल. मधली समुद्री कटकरेषा, म्हणजे दोन भूपट्टांच्या सीमेवरची समुद्रतळावरची डोंगररांग, हॉटस्पॉटवरून गेली आणि पुढची बेटं आफ्रिकेच्या भूपट्टावर उमटली, म्हणून तसं दिसतं.

लातूरपासून रियुनियन सरळ रेषेत जवळपास 5,000 किमी आहे. 6.6 कोटी वर्षांनी भागा, म्हणजे वर्षाला साधारण साडेसात सेंटिमीटर. ही सरासरी झाली. दख्खनच्या उद्रेकांच्या काळात भारत याच्या दुप्पट वेगाने पळत होता, आणि आशियाला धडकल्यावर मंदावला.

किल्लारीचं कारण तीच धडक. भारतीय भूपट्ट उत्तरेकडे रेटला जातो, तो दाब आतल्या जुन्या भेगांवर साठतो आणि एखादी भेग घसरते. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे 6.2 तीव्रतेचा धक्का बसला तो असाच, फार खोल नसलेल्या भेगेवर. नंतर तिथे घेतलेल्या संशोधन-बोअरमध्ये 338 मीटर बेसाल्ट लागला, त्याखाली थोडा गाळाचा थर आणि मग अतिप्राचीन खडक. शिलारसाचा मागमूस नाही. हिंगोली-नांदेडकडचे आवाज हे उथळ, बारीक धक्क्यांचे असतात. धक्का उथळ असेल तर त्याची लहर जमिनीतून हवेत शिरून गडगडाट ऐकू येतो, मग भांडी हलोत किंवा न हलोत.

लाव्हाची काळजी सोडा, भिंतीची करा. किल्लारीत माणसं गेली ती मुख्यतः दगडमातीच्या रुंद भिंती आणि त्यांवरच्या जड मातीच्या माळवदांखाली. अशा भिंतीत आतला आणि बाहेरचा दगडी पदर वेगवेगळा रचून मध्ये भर टाकलेली असते. हादऱ्यात दोन्ही पदर फुगून सुटतात आणि माळवद खाली येतं. जुनं घर वापरात असेल तर दोन्ही पदर बांधणारे आरपार दगड उभ्यात दर 60 सेंमी आणि आडव्यात दर 1.2 मीटरवर आहेत का बघा. नसतील तर भिंतीला भोकं पाडून सळईसह काँक्रीटचे बंध भरता येतात. छताखाली सलग पट्टा हवा, आणि दरवर्षी माळवदावर नवी माती चढवणं थांबवायलाच हवं. हे काम जाणत्या अभियंत्याच्या देखरेखीखाली करा. भोकं घाईने पाडली तर पदर तेव्हाच सुटतो.

प्रश्न : आमच्या विहिरीत वर मुरूम, मग भोकाभोकांचा खडक, मग कठीण काळा पाषाण, मग हातभर तांबडी माती आणि पुन्हा भोकांचा खडक आहे. हे कसं वाचायचं? पाण्यासाठी काही उपयोग? (एक शेतकरी, कन्नड)

या अंकातला सगळ्यात मोलाचा प्रश्न हाच आहे, कारण प्लूमने काय केलं ते तुमच्या विहिरीत उभं कापून ठेवलेलं आहे.

एक लाव्हा-प्रवाह असा ओळखा. तळाला अर्धा-एक मीटर भोकं असलेला पट्टा. त्यात पेन्सिलीएवढ्या उभ्या नळ्या दिसतील. ओल्या जमिनीवरून लाव्हा गेला की खालची वाफ वर चढताना अशा नळ्या उरतात. बऱ्याचदा त्यांचं वरचं टोक एकाच दिशेला वाकलेलं असतं, ती प्रवाहाची दिशा. मधे घट्ट, उभ्या सांध्यांचा काळा पाषाण. वर पुन्हा भोकांचा पट्टा, हे प्रवाहाचं वरचं कवच. भोकांत पांढरे-गुलाबी स्फटिक, हिरवट लेप किंवा गारगोटी भरलेली असते. खडक थंड झाल्यावर पाण्याने आणून भरलेली ही खनिजं. तांबडा थर म्हणजे दोन उद्रेकांमधली विश्रांती: प्रवाहाचा माथा किंवा वर पडलेली राख कुजून माती झाली आणि पुढच्या लाव्हाने ती भाजली.

आता एक हिशेब करून बघा. हवाईच्या किलाउआ ज्वालामुखीवर मोजमाप करून एक सूत्र काढलं गेलं आहे: लाव्हावर कवच धरायला लागलेले तास म्हणजे 165 गुणिले कवचाच्या जाडीचा (मीटरमध्ये) वर्ग. एक मीटर कवचाला सात दिवस, 3 मीटरला सुमारे 62 दिवस, 6 मीटरला जवळपास आठ महिने. म्हणजे वरचा भोकांचा पट्टा 6 मीटर भरला, तर तुमच्या शेतात कवचाखालून लाव्हा येत राहून तो प्रवाह साधारण आठ महिने फुगत होता. कवचामुळे आतला लाव्हा गरम राहतो, म्हणून असे प्रवाह शेकडो किमी जाऊ शकतात. आंध्र प्रदेशातल्या राजमहेंद्रीजवळचा बेसाल्टही पश्चिमेकडून आलेल्या अशाच प्रवाहांचा मानला जातो.

चूक कुठे होते ते सांगतो. दोन पातळ प्रवाह एकमेकांवर असतील आणि त्यांची कवचं 3-3 मीटरची असतील, तर ती एकच समजून 6 मीटर धरली जातात आणि 62 दिवसांचे 247 दिवस होतात. वर्गाच्या हिशेबात छोटी चूक चौपट होते. म्हणून मधे नळ्यांचा पट्टा किंवा काचेसारखी काळी साय पुन्हा दिसते का ते आधी शोधा. उलट माथा झिजून मुरूम झाला असेल तर कवच कमी भरतं. मुरमाची जाडी धरून आकडा 'निदान इतका' असाच घ्या.

पाण्याचं म्हणाल तर घट्ट काळ्या पाषाणात पाणी फक्त सांध्यांतून येतं. पाणी मुरतं आणि साठतं ते मुरमात, भोकांच्या चिरलेल्या कवचात आणि दोन प्रवाहांच्या जोडावर. तांबडा थर पाणी अडवतो, म्हणून त्याच्या डोक्यावर पाझर दिसतो. बोअर मारताना हाच थर दगा देतो: पाणी लागून फुगतो, ढासळतो आणि पंप गाळात अडकतो. म्हणून केसिंग (बोअरच्या आत बसवायचा पाइप) या थराच्या खाली, घट्ट खडकात टेकवा, आणि वरच्या पाणी देणाऱ्या पट्ट्यासमोर भोकांची केसिंग लावा. तिथे सरसकट बंद पाइप लावला तर हाताशी असलेलं पाणी बाहेरच राहतं. उघड्या विहिरीत तांबड्या थरासमोर दगडी किंवा काँक्रीटचं अस्तर करा, पण पाझरासाठी भोकं ठेवा.

बोअरवाल्याला प्रत्येक दहा फुटांचा भुगा वेगळा ठेवायला सांगा. काळा बारीक भुगा म्हणजे घट्ट खडक. पांढरे चमकते कण मिसळले की भोकांचा पट्टा. तांबडा चिखल म्हणजे जोड आला. ही खोलीवार नोंद वहीत ठेवा आणि बांधाशेजारच्यांच्या नोंदीशी जुळवा. थर बहुतेक आडवे असल्याने शेजारच्या विहिरीतला जोड तुमच्याकडे जवळपास त्याच पातळीवर सापडतो. मात्र जमिनीच्या उंचीतला फरक आधी वजा करा. पाणाड्याच्या नारळापेक्षा ही वही जास्त कामाची आहे. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयात जाताना ती सोबत न्या.

प्रश्न : गोदावरी अरबी समुद्रापासून एवढ्या जवळ उगम पावते, मग उलटी पूर्वेला का जाते? (पैठण)

त्र्यंबकेश्वर पश्चिम किनाऱ्यापासून जेमतेम ऐंशी किमीवर, आणि नदी मात्र 1,465 किमी चालून बंगालच्या उपसागराला मिळते. 1989 मध्ये भूशास्त्रज्ञ कीथ कॉक्स यांनी सुचवलं की प्लूमच्या डोक्याने भूभाग घुमटासारखा उचलला आणि नद्या त्या घुमटावरून लांब धावल्या. घुमट मध्यावर अर्धा-एक किमी उंच आणि हजार किमी रुंद धरला, तर उतार किलोमीटरला एक-दोन मीटरच भरतो, पण नदीला तेवढा पुरतो. मात्र आजचा सह्याद्री त्या उष्णतेवर उभा नाही. ती कधीच निवली. सुमारे 6.3 कोटी वर्षांपूर्वी सेशेल्स बेटांचा तुकडा भारतापासून तुटला आणि पश्चिमेला कडा पडला. कडा झिजून ओझं हलकं झालं तसा काठ वर उचलला गेला, आणि खाली गोठलेल्या शिलारसानेही भर घातली. दिशा ठरवण्यात प्लूमचा हात असावा, उंची टिकवण्यात इतरांचा जास्त.

प्रश्न : लोणार हे ज्वालामुखीचं तोंड आहे का? आणि उनकेश्वरचं गरम पाणी? (जालना, किनवट)

दोन्हींचं उत्तर नाही. लोणारचं 1.8 किमी व्यासाचं विवर उल्केच्या आघाताचं आहे. आघाताच्या प्रचंड दाबाशिवाय न बनणारी मास्केलिनाइट ही काच तिथे सापडते. लाव्हा येऊन कोट्यवधी वर्षं लोटल्यावर ती उल्का पडली. उनकेश्वरचं पाणी भेगेतून खोल उतरून तापतं आणि परत वर येतं. कुठेही जमिनीत एक किमी उतरलं की पंचवीस-तीस अंश वाढतातच. त्यासाठी ज्वालामुखी लागत नाही.

प्रश्न : सगळा मराठवाडा काळ्या पाषाणाचा म्हणता, आमच्याकडे तर तांबूस-करडा, खड्यांचा दगड आहे. (देगलूर)

तुमचा दगड ग्रॅनाइट, आणि तो बेसाल्टपेक्षा कितीतरी जुना. सह्याद्रीत महाबळेश्वरच्या भागात लाव्हाचे थर एकूण दोन किमीच्या आसपास जाड आहेत, किल्लारीत 338 मीटर, आणि देगलूर-बिलोलीकडे ते संपून तळाचा खडक उघडा पडतो. उगमाच्या भेगा मुख्यतः पश्चिमेला आणि नर्मदा-तापीच्या पट्ट्यात होत्या. तुम्ही त्या पसाऱ्याच्या काठावर आहात. म्हणून वर दिलेला जोडांचा हिशेब तुमच्याकडे चालणार नाही. ग्रॅनाइटमध्ये आडवे थर नसतात. पाणी कुजलेल्या वरच्या पट्ट्यात आणि मोठ्या चिरांत असतं, आणि शंभर फुटांवरच्या शेजाऱ्याचं बोअर चाललं म्हणून तुमचं चालेलच असं नाही. आधी चिरांची दिशा बघा: नाल्याचं सरळ पात्र, एका ओळीत हिरवी राहणारी झाडं, उघड्या खडकातल्या लांब भेगा. बोअर अशा दोन ओळी जिथे एकमेकींना छेदतात तिथे घ्या.