वाचक विचारतात : जर्मनीचा कायदा शोधायचा कुठे आणि वाचायचा कसा

महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला. तेव्हापासून नर्सिंग किंवा आयटीआय झालेल्या मुलांच्या घरून जर्मनीच्या कायद्याबद्दल पत्रं येऊ लागली आहेत. त्यांतली काही निवडक पत्रं या अंकात घेतली आहेत.

मी अमरावतीला एलएल.बी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, गाव वरुड तालुक्यात. आपल्याकडे कोणताही मुद्दा निघाला की आधी सर्वोच्च न्यायालयाचा निकाल सांगतात. जर्मनीत निकालांना किंमत नाही, सगळं संहितेतच असतं, असं ऐकलं. खरं आहे का? आणि मूळ मजकूर कुठे मिळतो?

हे अर्धंच खरं आहे.

आपल्या संविधानाच्या अनुच्छेद १४१ नुसार सर्वोच्च न्यायालयाने सांगितलेला कायदा सगळ्या न्यायालयांवर बंधनकारक आहे. जर्मनीत असं सर्वांवर बंधन फक्त संघीय संविधान न्यायालयाच्या निकालांचं असतं. बाकी न्यायाधीश स्वतंत्र आणि केवळ कायद्याला बांधील, असं तिथल्या १९४९ च्या संविधानाचा, म्हणजे ग्रुंडगेझेट्सचा, अनुच्छेद ९७ सांगतो. त्यामुळे खालच्या न्यायालयाचा न्यायाधीश कार्ल्सरूहेच्या संघीय न्यायालयाच्या (दिवाणी-फौजदारी प्रकरणांतलं सर्वोच्च न्यायालय), म्हणजे बीजीएचच्या, मताविरुद्ध निकाल देऊ शकतो. पण अपिलात तो टिकणार नाही हे त्याला ठाऊक असतं, म्हणून असं क्वचितच घडतं. जर्मन वकील बीजीएचचे निकाल रोजच्या रोज वाचतात ते याचमुळे.

एक उदाहरण घ्या. भाड्याचं घर सोडताना भिंती रंगवून द्यायच्या, असं छापील कलम तिथल्या बऱ्याच करारांत असतं. तिथल्या दिवाणी संहितेत, म्हणजे बीजीबीत, भाड्याच्या घराच्या रंगाबद्दल अवाक्षर नाही. कलम ५३५ म्हणतं की घर वापरण्याजोगं ठेवणं हे मालकाचं काम, आणि कलम ३०७ म्हणतं की दुसऱ्या पक्षाचं अवाजवी नुकसान करणारी छापील अट निष्प्रभ. या दोन कलमांवरून बीजीएचने १८ मार्च २०१५ रोजी ठरवलं, की ताबा देताना घर न रंगवलेलं असेल आणि त्याचा योग्य मोबदला भाडेकरूला दिला नसेल, तर अशा छापील अटीने रंगरंगोटीचा भार त्याच्यावर टाकता येणार नाही. निकालाचा क्रमांक ‘आठ झेड-आर १८५/१४’ असा. आठ म्हणजे आठवं दिवाणी खंडपीठ, जे घरभाड्याची प्रकरणं पाहतं. झेड-आर म्हणजे दिवाणी पुनरीक्षण. १८५ हा अनुक्रमांक आणि १४ हे दाखल झाल्याचं वर्ष. नुसतं कलम ५३५ वाचणाऱ्याला हा हक्क दिसलाच नसता. उलट, कलम न वाचता निकालच शोधत बसलेल्याला तो कशावर उभा आहे हे कळत नाही.

उतरंड अशी : वर युरोपीय संघाचा कायदा. त्यातली रेग्युलेशन्स थेट लागू होतात, तर डायरेक्टिव्ह आधी जर्मन कायद्यात उतरवावी लागते. मग ग्रुंडगेझेट्स, त्याखाली संघीय संसदेचे कायदे, मग मंत्रालयांचे नियम. राज्यांचे आणि नगरपालिकांचे कायदे वेगळे असतात, पण संघाच्या कायद्याशी भिडले तर अनुच्छेद ३१ नुसार संघाचा कायदा वरचढ.

दिवाणी कायद्याचा गाभा म्हणजे ब्युर्गरलिशेस गेझेट्सबूख, थोडक्यात बीजीबी. १८९६ मध्ये जाहीर झाली, १ जानेवारी १९०० पासून लागू, शेवटचं कलम २३८५. आपल्याकडे करारासाठी १८७२ चा कायदा, मालमत्ता हस्तांतरणासाठी १८८२ चा, वारसासाठी आणखी वेगळे. तिथे हे सगळं एका संहितेत पाच खंडांत आहे : सर्वसाधारण भाग, देणी-घेणी, वस्तूंवरचे हक्क, कुटुंब, वारसा. (आपल्या शेजारी गोव्याच्या कौटुंबिक कायद्याचं मूळही १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेत आहे, तेव्हा हा साचा आपल्याला अगदीच अनोळखी नाही.)

नवा वाचक इथेच अडखळतो. जे नियम सगळीकडे लागू, ते या संहितेत एकदाच आणि सगळ्यांत आधी लिहिलेले आहेत; पुढे त्यांची पुनरुक्ती नाही. विक्रीचा करार कलम ४३३ पासून सुरू होतो. पण करार जुळला कसा हे कलम १४५ पासून, अल्पवयीनाने केला असेल तर कलम १०६ पासून, मुदत उलटली का हे कलम १९४ पासून पाहावं लागतं. आणि वस्तूची मालकी कराराने बदलतच नाही, त्यासाठी कलम ९२९ प्रमाणे ताबा आणि मालकी देण्याबद्दलची सहमती वेगळी लागते. म्हणून वाचन आपल्या विषयाच्या खास कलमापासून सुरू करावं आणि तिथून मागे सर्वसाधारण भागाकडे जावं. पहिल्या पानापासून सरळ वाचत जाणारे बहुतेक जण कलम १०० पर्यंतच थकतात.

मजकूर फुकट मिळतो. संघीय न्याय मंत्रालयाच्या ‘गेझेट्से इम इंटरनेट’ या संकेतस्थळावर जवळपास सगळे चालू संघीय कायदे आहेत. अधिकृत प्रत मात्र संघीय राजपत्राची; ते १ जानेवारी २०२३ पासून फक्त इलेक्ट्रॉनिक रूपात निघतं. बीजीएचचे २००० पासूनचे निकाल त्याच्याच संकेतस्थळावर आहेत. जुन्या ब्लॉगवरचे कलम क्रमांक मात्र ताडून घ्या. घरभाड्याची कलमं सप्टेंबर २००१ मध्ये आणि देण्या-घेण्याचा बराच भाग जानेवारी २००२ मध्ये नव्याने मांडला गेला, त्यामुळे त्याआधीच्या लेखातलं कलम आज भलत्याच विषयावर असू शकतं.

आमच्या पोराले स्टुटगार्टजवळ भाड्यानं घर भेटलं. घरमालक तीन महिन्यांचं डिपॉझिट एकदमच मागून राह्यला, नाही त देत नाही म्हणते. बीजीबी ५५१ पाहा असं कोणी तरी सांगतलं, पण ते वाचाचं कसं? (आर्वी तालुका)

तुम्हाला नेमकं कलम सांगितलं आहे. जर्मन कागदावर ते ‘§ ५५१’ असं दिसेल, त्यापुढे ‘आब्स.’ म्हणजे उपकलम आणि ‘झात्स’ म्हणजे त्यातलं कितवं वाक्य. तिथे वाक्यंसुद्धा मोजून उल्लेख करतात, तेव्हा आकडा चुकवू नका.

पहिलं उपकलम : डिपॉझिट जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या भाड्याइतकं, आणि त्यात पाणी, हीटिंग वगैरेचा वेगळा दाखवलेला खर्च धरायचा नाही. महिन्याला ७८० युरो जात असतील आणि त्यात १८० हा खर्च असेल, तर हिशेब ६०० चा. कमाल डिपॉझिट १८०० युरो, २३४० नाही. दुसरं उपकलम : डिपॉझिट पैशांच्या रूपात द्यायचं असेल तर भाडेकरूला तीन सारख्या मासिक हप्त्यांचा हक्क आहे. पहिला हप्ता भाडं सुरू होताना, पुढचे दोन पुढच्या दोन भाड्यांबरोबर. तिसरं : मालकाने ही रक्कम स्वतःच्या पैशांपासून वेगळी बँकेत ठेवायची, व्याज भाडेकरूचं. चौथं उपकलम सगळ्यांत मोलाचं : भाडेकरूच्या तोट्याचा याहून वेगळा करार निष्प्रभ. म्हणजे मुलाने ‘एकदम देतो’ अशी सही केली असेल, तरी हप्त्यांचा हक्क जात नाही.

संहितेतली सगळी कलमं अशी सक्तीची नसतात. पुष्कळ कलमं करारात दुसरं काही ठरवलं नसेल तेव्हाच लागू होतात. म्हणून कोणतंही कलम शेवटच्या उपकलमापर्यंत वाचायची सवय लावा. सक्ती आहे की नाही हे बरेचदा तिथेच कळतं.

दोन गोष्टी सांभाळा. करार होण्याआधी मालक घर दुसऱ्याला देऊ शकतो, आणि घरं कमी असलेल्या शहरात तसं होतंही, म्हणून मुलाने भांडण न करता ‘कलम ५५१ प्रमाणे हप्त्यांत देतो’ असं लेखी कळवावं. दुसरं, हप्ते थकवू नयेत : दोन महिन्यांच्या भाड्याइतकं डिपॉझिट थकलं तर कलम ५६९ नुसार मालक मुदत न देता करार संपवू शकतो.

घर सोडायची नोटीस साध्या ईमेलने किंवा व्हॉट्सॲपने चालत नाही. कलम ५६८ आणि १२६ प्रमाणे साधारणपणे कागदावर हाताने सही हवी, आणि ती महिन्याच्या तिसऱ्या कामाच्या दिवसापर्यंत मालकाच्या हाती पोचली पाहिजे. टाकल्याची तारीख धरत नाहीत. मार्चच्या तिसऱ्या कामाच्या दिवशी पोचली तर भाडं ३१ मे ला संपतं. एक दिवस उशीर झाला की जूनचंही भाडं द्यावं लागतं.

मुलीच्या व्हिसाच्या कागदावर ‘१६डी’ असं कलम आहे. बीजीबीत शोधलं, सापडलं नाही. इंग्रजी भाषांतर वाचलं तर चालेल का? (ब्रह्मपुरी)

ते निवास कायद्यातलं, म्हणजे ‘आउफेंट-जी’ असं संक्षिप्त नाव असलेल्या कायद्यातलं कलम आहे. परदेशी व्यावसायिक पात्रतेला मान्यता मिळवण्यासाठीच्या मुक्कामाचं. कलमाच्या आकड्यापेक्षा त्यानंतरचं कायद्याचं संक्षिप्त नाव आधी पाहा. आकड्याला अक्षर जोडलेलं असलं म्हणजे ते कलम मागाहून मध्ये घातलेलं.

समजून घ्यायला मंत्रालयाच्या संकेतस्थळावरचं इंग्रजी भाषांतर चांगलं आहे. पण बंधनकारक मजकूर जर्मनच, आणि भाषांतर कधी कधी एखाद्या दुरुस्तीने मागे असतं. भाषांतराच्या सुरुवातीला ते कोणत्या दुरुस्तीपर्यंतचं आहे हे दिलेलं असतं. तेवढी ओळ न चुकता ताडा. निवास कायदा वारंवार बदलतो, तिथे ही काळजी जास्तच हवी.

भावाला चार महिन्यांनी कंपनीने ईमेल करून ‘उद्यापासून येऊ नका’ कळवलं. (मेहकर)

बीजीबीचं कलम ६२३ : नोकरी संपवायला सहीचा कागद लागतो, इलेक्ट्रॉनिक रूप चालत नाही. म्हणजे या ईमेलने नोकरी संपलेली नाही. भावाने कामाला यायला तयार असल्याचं लगेच लेखी कळवावं, म्हणजे पुढे वाद नको. पण कंपनी सहीचा कागद कधीही पाठवू शकते, आणि चाचणीकाळ ठरलेला असेल तर सहा महिन्यांपर्यंत दोन आठवड्यांची नोटीस पुरते.

कागद हाती आल्यापासून तीन आठवड्यांत कामगार न्यायालयात दावा लावावा लागतो. ही मुदत बीजीबीत नाही. ती बडतर्फी संरक्षण कायद्याच्या कलम ४ मध्ये आहे. ती उलटली तर चुकीची बडतर्फीही वैध धरली जाते. पहिल्या पायरीवर वकील बंधनकारक नाही. न्यायालयाच्या अर्ज नोंदणी कक्षात दावा तोंडी सांगून लिहून घेतात.

माझा मुलगा म्युनिकला नोकरीस होता. अपघातात गेला. सून तिथेच आहे, मूलबाळ नाही. तिथल्या वारसा न्यायालयाचं पत्र आलं आहे. त्याच्यावर बँकेचं कर्ज होतं आणि गावी त्याच्या नावावर शेत आहे. आम्ही म्हातारा-म्हातारी काय करावं? (पुसद तालुका)

तुमच्या दुःखात तारखा मोजायला सांगणं जड जातं, पण पहिलं काम तेच आहे. पत्र कोणत्या दिवशी हाती पडलं ते आजच लिहून ठेवा आणि पाकीट जपा.

१७ ऑगस्ट २०१५ पासूनच्या मृत्यूंना युरोपीय संघाचं रेग्युलेशन ६५०/२०१२ लागू होतं. मृत व्यक्तीचा नेहमीचा मुक्काम जिथे, तिथला वारसा कायदा. नागरिकत्व भारतीय असलं तरी जर्मन न्यायालय मुलाला बीजीबीच लावेल, त्याने मृत्युपत्रात आपल्या नागरिकत्वाचा कायदा निवडला नसेल तर. मृत्युपत्र नसेल तर कलम १९३१ प्रमाणे सुनेला अर्धा वाटा. त्यांच्या संसाराला जर्मन वैवाहिक मालमत्ता कायदा लागू असेल तर कलम १३७१ नुसार आणखी पाव. उरलेला पाव तुम्हा दोघांत, म्हणजे प्रत्येकी एक अष्टमांश.

जर्मन कायद्यात वारस कर्जासकट वारस असतो (कलम १९६७), आणि गप्प राहिलं तर वारसा स्वीकारला असं धरतात. नाकारायची मुदत साधारण सहा आठवडे, पण वारस परदेशात असेल तर कलम १९४४ नुसार सहा महिने. ती वारसाची आणि आपण वारस का झालो याची माहिती झाल्यापासून मोजतात. साधं पत्र किंवा ईमेल चालत नाही. सही अधिकृतपणे साक्षांकित हवी. आपल्याकडून ते मुंबईच्या जर्मन वाणिज्य दूतावासात होतं. वेळ आधी घ्यावी लागते, आणि मूळ कागद मुदतीच्या आत न्यायालयात पोचला पाहिजे, म्हणून शेवटच्या महिन्यावर ठेवू नका. आधी सुनेकडून मालमत्ता आणि कर्जाची यादी मागवा. कर्ज जास्त असेल तरच नाकारा. अर्धा स्वीकार, अर्धा नकार असं करता येत नाही. कर्जाचा अंदाजच लागत नसेल तर वारसाहक्क ठेवून जबाबदारी मिळालेल्या मालमत्तेपुरती मर्यादित करण्याची सोय कलम १९७५ पासून आहे, पण त्यासाठी तिथला वकील लागेल.

शेताचा प्रश्न वेगळा. जर्मन न्यायालय जर्मन कायदा साऱ्या मालमत्तेला लावतं, पण भारतातल्या जमिनीला आपली न्यायालयं भारतीय कायदाच लावतात. मुलगा हिंदू असेल आणि मृत्युपत्र नसेल, तर १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे पहिल्या वर्गातले वारस पत्नी आणि आई : निम्मं-निम्मं. वडील दुसऱ्या वर्गात, म्हणून इथे त्यांना वाटा नाही. शेत वडिलोपार्जित आणि न वाटलेलं असेल तर आधी मुलाचा हिस्सा काढावा लागेल. तेव्हा जर्मन वाटणीचा कागद तलाठी कार्यालयात नेऊन फेरफार होणार नाही. तिथे मृत्यूचा दाखला आणि त्याचं प्रमाणित भाषांतर जोडून वारस नोंदीचा अर्ज द्या. नोंद आधी गाव नमुना सहा-क मध्ये होते, मग फेरफार आणि सातबारा. अर्जात सुनेचं नाव वारस म्हणून लिहा. ते वगळलं तर पुढे हरकत येऊन फेरफार अडकतो. जर्मनीत नकार द्यायचं ठरलं, तर त्याचा इथल्या शेतावर काय परिणाम होईल हे सही करण्याआधी दिवाणी वकिलाला विचारा, आणि त्याला दोन्ही देशांचे कागद एकत्र दाखवा.