कॅलेंडर सोड, बॅच धर

चि.,

अनेक आशीर्वाद.

प्रबंधाचं तिसरं प्रकरण वाचलं. २०२० आणि २०२१चे निकाल आणि शोधनिबंधांची संख्या पाहून, महामारीत पदव्युत्तर विभागांची कामगिरी टिकून राहिली, असं तू म्हटलं आहेस. मला ते पटलेलं नाही. हे प्रकरण नव्याने लिही.

११ मार्च २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेने महामारी जाहीर केली आणि काही आठवड्यांतच बहुतेक विद्यापीठांच्या प्रयोगशाळांना टाळं लागलं. तरी अनेक नियतकालिकांकडे येणारे लेख त्या काळात वाढले, कारण घरी अडकलेल्यांनी आधी जमवलेला डेटा लिहून काढला. ती मागच्या वर्षांची कमाई होती. जो डेटा तेव्हा जमलाच नाही, त्याची तूट पुढे दिसते. निकालांचंही तेच. कित्येक ठिकाणी श्रेणी न देता नुसतं उत्तीर्ण-अनुत्तीर्ण ठरवलं गेलं. त्याची २०१९च्या टक्केवारीशी तुलना कशी करणार?

म्हणून वर्षावार तक्ता बाजूला ठेव आणि एकेक बॅच प्रवेशापासून तपास. २०१७ला पीएचडीला लागलेल्याचं काम बहुधा लिखाणापर्यंत आलं होतं. २०१९चा विद्यार्थी बघ: विषय मंजूर, पेशी वाढवायला घेतलेल्या, आणि लॅब बंद. पेशींचं माध्यम (त्या ज्यात वाढतात तो पोषक द्रव) दर दोन-तीन दिवसांनी बदलावं लागतं, नाहीतर त्या मरतात. काही गोठवून ठेवल्या असतील तरी चालू प्रयोग गेलाच. ज्याचं काम पक्ष्यांच्या विणीच्या हंगामावर, त्याचा एक हंगाम हुकला की पुरतं वर्ष गेलं. २०२०च्या बॅचचं नुकसान मला सगळ्यात जास्त सलतं. सीनियरच्या शेजारी उभं राहून उपकरणावर हात बसवायचा, ते राहूनच गेलं. कुठल्याच आकड्यात हे सापडणार नाही. त्यांच्या मुलाखती घे.

आणि सोडून गेलेली मुलं विसरू नकोस. टक्केवारी काढताना छेदात परीक्षेला बसलेले नकोत, प्रवेश घेतलेले हवेत. मुदतवाढीचा रकाना वेगळा, त्या काळात शिष्यवृत्ती चालू होती का याचा वेगळा. घरात लहान मुलं असणाऱ्यांची नोंद मिळाली तर जरूर घे. संशोधक आयांवर तो भार फार पडला.

ऑनलाइन मौखिक परीक्षेमुळे दूरचे परीक्षक मिळू लागले, तेही लिही. एक परिच्छेद पुरे.

आधी नोंदणीच्या आणि प्रबंध सादर केल्याच्या तारखा मिळव. तक्ता झाला की पाठव, मग बसून बोलू.

तुझे,
सर