घरी बनवलेला सायलेन्सर लावल्यापासून थ्रॉटल सोडला की बाईक फटफट करते, कार्बोरेटरमध्ये काय बदलायचं?

थ्रॉटल सोडल्यावरची फटफट मुख्यतः पायलट जेट (बंद थ्रॉटलला पेट्रोल सोडणारा बारीक भोकाचा तुकडा) आणि मिक्श्चरच्या स्क्रूवर अवलंबून असते, म्हणून पायलट जेट एक साइज मोठा टाका. पाइप मोकळा असेल तर मेन जेटही (फुल थ्रॉटलला पेट्रोल सोडणारा) एक साइज मोठा टाका आणि नीडलची (जेटमध्ये वर-खाली होणाऱ्या सुईची) क्लिप एक खाच खाली घ्या, म्हणजे नीडल वर येते आणि मधल्या थ्रॉटलला पेट्रोल जास्त जातं. घरचा पाइप बहुतेक वेळा कंपनीच्या सायलेन्सरपेक्षा मोकळा असतो, त्यामुळे हवा जास्त खेचली जाते पण जेट तेवढाच, मग मिक्श्चर लीन होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं. पण जेटला हात लावायच्या आधी पाइप इंजिनला जोडतो तिथलं गॅस्केट आणि वेल्डिंग बघा, बारीक भोक राहिलं तरी तिथून हवा आत जाऊन अगदी अशीच फटफट होते आणि लोक उगाच जेट बदलत बसतात. मिक्श्चरचा स्क्रू इंजिन गरम असतानाच फिरवा. तो एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर बाहेर काढल्यावर लीन होतं, इंजिनच्या बाजूला असेल तर उलट. मग फुल थ्रॉटलला थोडं पळवून, क्लच दाबून तिथेच इंजिन बंद करा आणि प्लग थंड झाला की काढून बघा: पांढराफटक म्हणजे अजून लीन, काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त झालं, तपकिरी आला की थांबा. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीला मात्र यातलं जेट-नीडलचं काही लागू नाही.