तुमचे प्रश्न, डॉक्टरांची उत्तरं

प्रश्न : वडील नऊ दिवस व्हेंटिलेटरवर आहेत. आता छातीत ‘ॲसिनेटोबॅक्टर’ नावाचा जंतू निघाला, नेहमीची अँटिबायोटिक्स लागू पडत नाहीत म्हणे. दाखल केलं तेव्हा तर छाती स्वच्छ होती!

उत्तर : घशातली नळी श्वास देते, पण खोकून बाहेर टाकण्याची सोय काढून घेते. तोंडातली लाळ नळीभोवती फुगवलेल्या फुग्याच्या कडेने थेंबथेंब खाली झिरपते, नळीत जंतूंचा बुळबुळीत थर धरतो. हा जंतू तर भलताच चिवट, कोरड्या कठड्यावरही कित्येक दिवस तगतो. मग बरेचदा कोलिस्टिन हे राखीव अँटिबायोटिक वापरावं लागतं. ते मूत्रपिंडांना जड, म्हणून क्रिएटिनिन (मूत्रपिंडांचं काम दाखवणारी रक्ततपासणी) किती आलं ते विचारत राहा. लाळ कमी झिरपावी म्हणून राउंडला मी आधी खाटेची डोक्याकडची बाजू बघतो : ३० ते ४५ अंश उचललेली हवी. आणि हात धुऊनच आत जा. (रागावू नका, आम्ही डॉक्टरही विसरतो.)