तोडणी, तूट आणि मलूल पालेभाजी

प्रश्न : आमच्या संकेतस्थळावर 15 शेतकरी माल विकतात. ग्राहक आधी पैसे भरतो, आणि तोडणीच्या दिवशी निरोप येतो, '40 किलो म्हटले होते, 28 च निघाले.' ही तूट कशी टाळायची?

शेतकरी खोटे बोलत नाही. तो उभ्या पिकाकडे बघून आकडा सांगतो. पण किडके, तडकलेले, लहान राहिलेले वगळून जो माल उरतो, तोच ग्राहकाकडे जातो. म्हणून प्रत्येक शेतकऱ्याच्या प्रत्येक पिकाची वही ठेवा: किती सांगितले, प्रतवारीनंतर किती आले. पाच-सहा तोडण्यांत त्याचे प्रमाण कळते. 40 चे नेहमी 28 होत असतील, तर संकेतस्थळावर 28 च दाखवा. नव्या शेतकऱ्याच्या मालाचे सुरुवातीला 60 टक्केच लावा. अंदाजही आठवडाभर आधीचा नको. तोडणीच्या दोन दिवस आधी प्लॉटमध्ये फिरून केलेला हवा.

ऑर्डर आदल्या संध्याकाळी ठरल्या वेळी बंद करा आणि प्रत्येक शेतकऱ्याला पिकावार बेरीज करून एकच यादी पाठवा. दर ऑर्डरमागे वेगळा निरोप गेला की मोजणीत गोंधळ ठरलेलाच.

एवढे करूनही तूट येईल. वजनी माल सगळ्यांना थोडा थोडा कमी देणे आम्हाला योग्य वाटते: किलोच्या जागी 700 ग्रॅम, आणि 300 ग्रॅमचे पैसे न मागता त्याच दिवशी परत. स्वयंपाक अडत नाही, म्हणून ग्राहक ते चालवून घेतो. माल निम्म्याहून कमी आला, तर मात्र ज्याची ऑर्डर आधी त्याला पूर्ण द्या. बदली भाजी चालेल का, हे ऑर्डर घेतानाच विचारा. परस्पर दुसरी भाजी घातली की ग्राहक दुखावतो.

प्रश्न : पालेभाजी शेतातून ताजी निघते, पण घरी पोचेपर्यंत मलूल होते. काही जुड्या पिवळ्याही पडतात. आम्ही प्लास्टिक पिशवीत घट्ट बांधून पाठवतो.

ही दोन वेगळी दुखणी आहेत. मलूल होते ती पाणी उडाल्याने. पालकाचे वजन 3 टक्के घटले तरी पान लोंबू लागते. ऊन चढायच्या आत तोडा, लगेच सावलीत आणा, स्वच्छ गार पाण्यात बुचकळा आणि पूर्ण निथळू द्या. ओली जुडी बंद पिशवीत गेली तर आतून सडते, म्हणून पिशवीला भोके हवीत. क्रेट दाबून भरू नका. तोडलेली भाजीही श्वास घेते आणि त्यातून उष्णता निघते. भरलेल्या क्रेटच्या मध्यात हात घालून बघा. कडेपेक्षा मध्य गरम लागला, तर नासाडी तिथून सुरू होणार.

पिवळेपणा बहुधा शेजाऱ्यामुळे येतो. पिकलेले टोमॅटो, केळी, पपई यांतून इथिलीन वायू सुटतो, आणि त्याने पानांचा हिरवा रंग जातो. ही फळे वेगळ्या खोक्यात, शक्यतो गाडीच्या दुसऱ्या टोकाला ठेवा. आणि सगळे एकाच थंड खोलीत कोंबू नका: पालेभाजीला 0 ते 2 अंश सेल्सिअस मानवते, पण काकडी 10 अंशांच्या खाली काही दिवस राहिली की तिच्यावर खड्डे पडतात, आणि कच्चा टोमॅटो पुढे नीट रंग धरत नाही.

प्रश्न : खराब निघालेल्या मालाचा भुर्दंड कोणी सोसायचा?

माल हातात घेताना शेतकऱ्यासमोर वजन आणि प्रतवारी करा, पावतीवर दोघांच्या सह्या घ्या. त्याआधीचे नुकसान त्याचे, नंतरचे तुमचे. लपलेली कीड हाच एक अपवाद. फोटो दाखवून ते नुकसान निम्मे-निम्मे वाटून घ्या. ग्राहकाची तक्रार आली म्हणून शेतकऱ्याचे सगळे बिल अडकवणे अन्यायाचे आहे. वादातली रक्कम बाजूला ठेवा, बाकीची ठरलेल्या वारी त्याच्या खात्यात जमा करा.