‘गोळी घेतली का?’

‘यांना सोडून गेले तर मी स्वार्थी ठरेन का?’ तीव्र मानसिक आजार असलेल्या व्यक्तीचा जोडीदार समुपदेशनाला येतो, तेव्हा थोड्याफार फरकाने हाच प्रश्न पुढे येतो. तीन वर्षांपूर्वी तो एका शिक्षिकेने विचारला. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) त्यांच्या पतीला बायपोलर डिसऑर्डर, म्हणजे कधी उन्माद तर कधी खोल नैराश्य असा आलटून-पालटून येणारा आजार होता. लग्नाआधी त्यांना एकदा रुग्णालयात ठेवावे लागले होते, ही गोष्ट सासरच्यांनी लपवली होती. ‘लग्न झाले की येईल ताळ्यावर’ हा आपल्याकडचा जुना हिशेब. पुढे उन्मादाच्या काळात त्यांनी पतसंस्थेचे कर्ज काढून दोन गाड्या घेतल्या, भाऊबंदांशी वैर ओढवून घेतले आणि त्यानंतरचे चार महिने अंथरूण सोडले नाही.

वेडा ठरवले की घटस्फोट लगेच मिळतो, असे माहेरच्यांचे म्हणणे होते. तसे नसते. हिंदू विवाह कायदा, १९५५ च्या कलम १३ मध्ये मानसिक विकार हा घटस्फोटाचा आधार आहे, परंतु नुसते निदान पुरत नाही. विकार इतका तीव्र असावा लागतो की जोडीदाराने सोबत राहावे अशी वाजवी अपेक्षाच करता येऊ नये, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये स्किझोफ्रेनियाच्या एका प्रकरणात स्पष्ट केले आहे. फसवणुकीमुळे विवाह रद्द करून घ्यायचा, तर ती कळल्यापासून वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. बाईंना ती कळून नऊ वर्षे झाली होती.

मी दोघांना एकत्र बोलावले. लिथियम या औषधाच्या गोळ्यांमुळे पतीची प्रकृती तेव्हा स्थिर होती. ते म्हणाले, “मॅडम, भाजी खारट झाली म्हटले तरी ही विचारते, गोळी घेतली का? माझा रागसुद्धा आता माझा राहिलेला नाही.” बाई बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “मी रोज रात्री यांच्या गोळ्या मोजते. या घरात मी बायको कमी आणि पहारेकरी जास्त आहे.”

दोघांचेही खरे होते, आणि माझ्या मते या संसाराची खरी जखम आजारापेक्षा या पहाऱ्यात होती. म्हणून पहारा बाईंकडून काढून घ्यायचे ठरले. गोळ्यांची जबाबदारी पतीची स्वतःची, आणि त्यावर लक्ष थोरल्या दिरांचे. लिथियमची रक्तातील पातळी शेवटच्या गोळीनंतर साधारण बारा तासांनी तपासतात, शिवाय मूत्रपिंड आणि थायरॉइड यांच्याही तपासण्या ठरावीक काळाने कराव्या लागतात. त्या फेऱ्याही दिरांकडे गेल्या. तीन-चार तासांच्या झोपेवर ताजेतवाने वाटू लागणे आणि अपरात्री लोकांना फोन करणे, ही झटक्याची पूर्वचिन्हे पतीने स्वतःच सांगितली. तसे दिसले की एटीएम कार्ड पत्नीकडे द्यायचे आणि दोन दिवसांत मनोविकारतज्ज्ञांकडे जायचे, हे त्यांनी बऱ्या काळातच लिहून दिले. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ नुसार उपचारांच्या निर्णयांसाठी आपला प्रतिनिधी आधी नेमून ठेवता येतो. त्यांनी पत्नीऐवजी भावाचे नाव निवडले. बाईंना वाईट वाटेल, अशी मला धास्ती होती. त्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला.

सोडण्याच्या प्रश्नावर मी इतकेच म्हणाले की झटका चालू असताना तो निकाली काढू नका. मात्र अंगावर हात उठला, तर आधी मुलीला घेऊन बाहेर पडा, विचार नंतर करा. बाईंनी शाळेजवळ खोली घेतली आणि मुलीसह तिथे राहू लागल्या. रविवारी पती तिथे जेवायला येतात. नातेवाइकांच्या मते त्यांनी नवऱ्याला टाकले. मला ही व्यवस्था पूर्वीच्या एकत्र राहण्यापेक्षा प्रामाणिक वाटते, जरी ती किती दिवस टिकेल हे सांगता येत नाही.

मागच्या भेटीत बाईंनी एक प्रसंग सांगितला. मुलीच्या गणितावरून पती चिडले, तेव्हा ‘गोळी’ हा शब्द त्यांच्या ओठांवर आला होता. तो गिळून त्याही तितक्याच चिडल्या. “पाऊण तास भांडलो, मॅडम,” त्या म्हणाल्या, “चांगले कडाकडा. मग यांनीच चहा केला.”